पेटाऱ्यातली तेस्सा

सिएना, ९ ऑक्टोबर १४८४

चि. सौ. ओर्सिना हिस ताईचे अनेक आशीर्वाद. राणी झालीस तरी मुजरा करणार नाही, धाकटी ती धाकटीच. वि. वि.

तुझ्या पत्राच्या आधी तू परत पाठवलेली मारियामातेची तसबीर येऊन पोचली. चित्राच्या फळीला मागून किड्यानं पाडलेलं मोहरीएवढं भोक निघालं म्हणून राणीनं नाकारली, हे खेचरवाले वेशीपासून बाजारापर्यंत ओरडून सांगत आले. गावाला काय, कौतुकच. आपल्या मुलीची नजर बघा, म्हणून लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, जणू मी तुला ओळखतच नाही. आपला चित्रकार बाल्दो मात्र तेव्हापासून तोंड पाडून बसला आहे. यापुढे फळीची पाठ बघायची नाही असं काहीतरी ठरव बाई.

या पेटाऱ्यात वर दोन मोठी चित्रं आहेत, ती तुझ्या दरबाराला दाखवायची. त्यांच्याखाली लोकरीत गुंडाळलेली लहान फळी तुझी. कोकरू कुशीत घेतलेली संत आग्नेस म्हणून काढून घेतली आहे. वाटेत कुणी उघडलीच तर संतिणीला कोण हात लावणार? चेहरा नीट बघ. गेल्या मे महिन्यात तेस्साला सात पुरी झाली.

आपल्या भावांनी तुझं दुसरं लग्न ठरवताना विधवा आहे एवढं सांगितलं आणि लेकुरवाळी आहे हे गाळलं, त्याची शिक्षा मुलीला होते आहे. मूल बापाच्या घराचं, हा कायदा त्यांना पथ्यावर पडला. चेक्काबाई नातीला जपतात, त्याबद्दल बोट दाखवायला जागा नाही. दर गुरुवारी तिला माझ्याकडे सोडतात. मी तिला घेऊन बाल्दोच्या कारखान्यात गेले, तर तिनं पहिलं विचारलं की हे कोकरू नंतर कापणार का. खाटकाकडून एका दिवसापुरतं आणलेलं होतं. मग जी रडायला लागली, ती मी ते कोकरू कायमचं घेईपर्यंत. आता ते माझ्या परसात आहे आणि माझा कोबी खातं.

तब्येतीला सांभाळ. ताईवर राग धरलास तरी चालेल, पण पत्राला उशीर करू नकोस.
तुझी, नान्निना

ओस्त्रोवा गड, २० जानेवारी १४८५

ती. ताईस ओर्सिनाचा सा. न. वि. वि.

फळी पोचली. मी दार लावून घेतलं आणि दिवसभर कुणाला आत येऊ दिलं नाही. दासींना वाटलं माझं डोकं दुखतंय.

ताई, ती केवढी झाली. मी निघाले तेव्हा चौथं संपत होतं. खोगिराचा गोंडा मुठीत धरून उभी होती आणि तिची मूठ चेक्काबाईंनी सोडवली, ते मला अजून दिसतं. तिच्या डाव्या भुवईची शेपटी वर वळते, ती तिच्या बापाची, आमच्या आंब्रोज्योची. हनुवटी माझी. बाकी मला सांग, चित्रात जे येत नाही ते. हसताना आवाज कसा येतो? लिहिताना जीभ बाहेर काढते का? गोड जास्त आवडतं की खारट? झोपेत बोलते का, मी बोलायची तशी?

इथे एक घोटाळा झाला. मी फळी माझ्या देवघरात टांगली, तर स्वयंपाकीणबाई तिच्यासमोर मेणबत्ती लावून गेल्या आणि त्यांची दुखरी दाढ थांबली. आता सगळा मुदपाकखाना दर्शनाला येतो. आपली तेस्सा दाढा बऱ्या करते आहे, ऐकलंस का? मी काही बोलत नाही, मीही तिथेच गुडघे टेकते.

लोक म्हणतात, राणीला चित्रांचं वेड आहे. म्हणू देत. एक लहान फळी आणायला दहा मोठ्या फळ्यांची सोबत लागते. त्या दहांची ओझी ठेवायला एक दालन झालं, मग दुसरं. परदेशी वकील येतात, मान वाकडी करून बघतात आणि माझ्या पारखीची स्तुती करतात. महाराजांना अभिमान वाटतो. मी हसून मान हलवते आणि मनात पुढच्या पेटाऱ्याची वाट बघते. दर वर्षी एक पाठव. त्यात चुकारपणा नको.

बाल्दोला सांग, चेहरा चांगला जमला आहे, कोकराचे पाय मात्र मांजराचे आहेत. मोठ्यांना नमस्कार, कोकराला माझा कोबी.
तुझी, ओर्सिना

सिएना, २ नोव्हेंबर १४८७

चि. सौ. ओर्सिना हिस आशीर्वाद. वि. वि.

यंदाचा पेटारा खेचरवाल्यांबरोबर रवाना केला. गेल्या सालच्या फुलांच्या टोपलीवाल्या संत दोरोथेआसारखीच तळाशी लोकरीत आहे. यंदा संत बार्बारा, मागे बुरूज. बुरूज बाल्दोला छान साधला आहे.

तू नाकारलेला संगमरवरी मुलगा सुखरूप परत आला. कानाची पाळी तुटलेली आहे खरी, पण मी तर तू सांगितल्यावरच शोधून पाहिली. तो आता बाल्दोच्या कारखान्यात दाराशी बसलेला असतो.

तेस्सा ठीक आहे. उंच होते आहे. वाचायला बसली की हाका मारून थकावं लागतं. तू एवढे प्रश्न विचारतेस, सगळ्यांची उत्तरं मला तरी कुठे माहीत? मुली मोठ्या झाल्या की मावशीलाही सगळं सांगत नाहीत.

यंदा ऑलिव्ह बरा आला. गुडघा दुखतो. जास्त लिहवत नाही.
लोभ आहे तसाच राहू दे.
नान्निना

ओस्त्रोवा गड, ११ फेब्रुवारी १४८८

ताई,

कुशल नंतर विचारीन. आधी हे सांग. तेस्सा जिवंत आहे का?

इथे बर्फावर ऊन पडलं की खोलीत फार उजेड येतो. त्या उजेडात मी बार्बाराला खिडकीशी नेलं. हनुवटीच्या कडेला रंग पातळ लागला आहे आणि त्याच्याखाली काळे ठिपके दिसतात, टाचणीच्या टोकाएवढे, एका रांगेत. ते ठिपके कसले, हे मला कुणी सांगायला नको. लहानपणी बाल्दोच्या वडिलांकडे आपण दोघी खाके टोचायला बसायचो. चेहरा एकदा कागदावर काढायचा, रेघेवरून सुईनं भोकं पाडत जायचं, मग कागद फळीवर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. खालच्या फळीवर तोच चेहरा ठिपक्यांनी उमटतो. एका खाक्यावर वाटेल तेवढ्या मारिया निघतात. समोर माणूस बसायला लागत नाही.

मी तेल पाजलेला पातळ कागद घेऊन आग्नेसचा चेहरा त्यावर उतरवला आणि दोरोथेआवर ठेवला. नाकावर नाक बसलं. मग बार्बारावर ठेवला. ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तेच. झगे वेगळे, केस वेगळे बांधलेले, चेहरा एकच. सातव्या वर्षाचा चेहरा दहाव्या वर्षी तोच कसा राहील? गाल उतरतात, नाक वर येतं, दात बदलतात. माझी मुलगी या फळ्यांवर वाढलेलीच नाही. कुठली मुलं वाढत नाहीत ते मला ठाऊक आहे, दोन इथे पुरली आहेत मी.

तुझं शेवटचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात बुरुजाबद्दल लिहिलंस, ऑलिव्हबद्दल लिहिलंस, तिच्याबद्दल वरवरचं. तू कधी एवढं थोडं बोलत नाहीस.

माझं जेवण सुटलंय. महाराज विचारतात तर कोबी सोसत नाही म्हणून सांगते. घोडेस्वार पाठवते आहे, खेचरवाल्यांची वाट बघायची नाही. एका शब्दाचं उत्तर दिलंस तरी पुरे.
ओर्सिना

सिएना, ३ एप्रिल १४८८

ओर्सी,

जिवंत आहे. ठणठणीत आहे. आत्ता हे लिहिताना परसात आहे, मेंढीच्या मागे धावते आहे. आधी हे वाचून रडून घे, मग पुढचं वाच.

आग्नेस पाठवली त्याच हिवाळ्यात तिला देवी आल्या. बारा दिवस आम्हाला आशा नव्हती. चेक्काबाई तिच्या उशाशी बसून होत्या आणि मलाही येऊ देत होत्या, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. पोर वाचली, पण चेहरा सगळा वणांनी भरला. तुला आवडणारी ती भुवई अर्धी गेली. चेक्काबाईंनी घरातले आरसे काढून ठेवले. म्हणून तिनं विहिरीत बघितलं.

म्हणूनच त्या साली पेटाऱ्यात तुझी फळी नव्हती. वर्ष उलटल्यावर वसंतात तिला कारखान्यात नेलं तेव्हा तुला सगळं कळवायचं मी ठरवलेलं होतं. तिथे तुझ्याकडून परत आलेली मारिया भिंतीला टेकून होती. तेस्सानं विचारलं, ही का परत आली? बाल्दोला अक्कल किती ते तुला माहीतच आहे. त्यानं छाती फुगवून भोकाची गोष्ट सांगितली, दुसऱ्या चार गोष्टी वर घातल्या.  मग तिनं विचारलं की एखादी वस्तू राणीनं आवडून ठेवून घेतली आणि ती मागाहून बिघडली, तर तीही परत पाठवते का. बाल्दो हसत म्हणाला, आमची राणी कुणाची भीडभाड ठेवायची नाही, दहा वर्षांनी पाठवील.

तेस्सा बसायच्या स्टुलावरून उतरली. डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला आणि मला म्हणाली, मावशी, जुनी आहे तीच पाठव. आईला ती आवडते.

मी ऐकलं. तुला वाटेल ते म्हण, पण आठ वर्षांच्या मुलीनं तशा आवाजात सांगितलं असतं तर तूही ऐकलं असतंस. आणि एक सांगते. तुझ्या नजरेचं कौतुक गाव करत होतं तेव्हा मीही केलं. ते ऐकायला कोण कोण उभं आहे हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

आता घाई आहे. हा चेहरा घेऊन स्थळ मिळायचं नाही, असं चेक्काबाई म्हणतात. पुढच्या ईस्टरनंतर तिला मठात ठेवायचं त्यांच्या मनात आहे. एकदा त्या दाराआड गेली की मीही जाळीतूनच बघणार. तेस्सा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिला कुणी विचारतही नाही म्हणा.

जेव. आणि काय करायचं ते तूच ठरव, तिला पेलेल असंच.
तुझी ताई

ओस्त्रोवा गड, २४ जून १४८८

चि. तेस्सा हिस, तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद.

तुला हे पत्र मी मनात कितीदा लिहिलं आहे, पण हातात बोरू घेऊन पहिल्यांदाच. मावशीनं मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला सुचू दिलं नाही.

वस्तू परत पाठवायचं खरं कारण ऐक. दर वर्षी सिएनाहून पेटारा का मागवते, असं इथे कुणी विचारू नये म्हणून मी फार चोखंदळ असल्याचं सोंग घेतलं. काही ठेवायचं, काही नाकारायचं, म्हणजे लोकांना खरं वाटतं. सोंगाची मग सवय झाली, आणि लोक वाहवा करायला लागल्यावर मला ते आवडायलाही लागलं. एवढी अक्कल असलेल्या बाईला हे कळायला हवं होतं की आपली मुलगी ऐकते आहे.

तुझ्याबद्दल मी महाराजांना सांगितलं. फार भीती वाटत होती.  ते म्हणाले की माझ्या घरातल्या संतिणींना माझ्या बायकोची हनुवटी कशी, हे कोडं मला केव्हापासून पडलेलं होतं. नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, तुझ्या मामांच्या नावानं मात्र उद्धार चालू होता. आठव्या दिवशी जेवताना विचारलं, मुलीला घोड्यावर बसता येतं का?

सोबत लहान फळी आहे. माझी आहे. तुमच्याकडे माझ्या चेहऱ्याचं जे पदक आलं तेही जुन्या चेहऱ्यावरून पाडलेलं, म्हणजे जुना चेहरा पाठवण्यात तू माझ्याच वळणावर गेलीस. या फळीवरचा मात्र खरा आहे. वरचे दोन दात गेलेत, गालांवर वांग आहेत, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली आहे. इथला चित्रकार दात परत बसवत होता, मी त्याला खरवडायला लावलं. हसते आहे असंच काढ म्हणाले, म्हणजे गेलेले दात दिसतील. तुला ठेवून घ्यावंसं वाटलं तर ठेव. नको वाटलं तर परत पाठव, खेचरवाल्यांना वाट माहीत आहे.

तू मठात जायचं की नाही, हे तुला विचारणारी मी पहिली असेन तर मलाच आधी सांग. इथे यायचं असेल तर आजीसाठी महाराजांनी स्वतः लिहिलेलं पत्र सोबत आहे, मावशी ते त्यांना देईल. यायचं नसेल तर तेही लिही, मी पुन्हा विचारणार नाही. पण मला तुला बघायचं आहे, तेस्सा. फळीवर नको.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
आई

सिएना, ८ सप्टेंबर १४८८

ती. राणीसाहेबांस किंवा ती. आईस,

काय लिहायचं ते मावशीला विचारलं, ती म्हणाली तोंडात येईल ते लिही. दोन्ही लिहिलं आहे. सा. न. वि. वि.

तुमचं चित्र पोचलं. परत पाठवत नाही. मावशी बघून हसली आणि मग रडली. आजी म्हणाली, माझ्या घरातून गेली तेव्हा हिचे दात सगळे होते. मग आजी ते चित्र घेऊन खिडकीशी गेली आणि खूप वेळ बघत राहिली. ते माझ्या पलंगाशी टांगलं आहे. तुम्ही हसता तेव्हा माझ्यासारख्या दिसता, असं मेंढी सांभाळणारी लेना म्हणते.

बाल्दोकाका विचारत होते, नवा खाका करू का. मी म्हटलं, भोकं आधीच पाडून झालेली आहेत, तुम्ही आणखी कुठे पाडणार? त्यांना हसू आलं नाही. मला आलं. काढून घ्यायचं मात्र नाही. राग मानू नका.

मावशीकडची तुमची पत्रं मी वाचली, तिनं दिली. उत्तरं अशी. हसताना मला उचकी लागते. लिहिताना जीभ बाहेर काढते, आत्ताही आहे. खारट. झोपेत बोलते की नाही ते मला कसं कळणार?

तिकडे नदी गोठते आणि माणसं तिच्यावरून चालतात हे खरं का? पाण्यातल्या माशांचं काय होतं? महाराजांना सांगा की मला घोड्यावर बसता येतं, पण उतरता येत नाही, पडते.

आजी आधी नाही म्हणाली. मावशीनं महाराजांचं पत्र दिलं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिनं पेटीतून माझ्या बाबांचे जाड मोजे काढून दिले. मावशी म्हणते, तिकडच्या थंडीला इकडचे झगे पुरायचे नाहीत, लोकरीचा टोपीवाला झगा तिकडच्याच शिंप्याकडून शिवून घ्यायला हवा, आणि तो डोंगराच्या अलीकडे कुणाच्या तरी हाती पाठवायला हवा. म्हणून तिनं मला भिंतीला टेकवून डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा मापला. तो सोबत आहे. शिंप्याला सांगा, आखूड करू नको. मी वाढते आहे.

लोभ असावा, पुढचं समोर बोलू.
तेस्सा

ओस्त्रोवा गड, १९ नोव्हेंबर १४८८

ती. ताईस ओर्सिनाचा सा. न. वि. वि.

तेस्साचं पत्र आणि दोरा काल पोचला. डोंगर बंद व्हायच्या आत आला हे नशीब. आता एप्रिलपर्यंत एकटा स्वार निभावला तर निभावला, बाकी इकडचं तिकडे काही नाही. महाराजांनी माणसं आत्ताच ठरवून ठेवली आहेत, बर्फ वितळलं की खिंडीच्या तोंडाशी जाऊन थांबतील. तू तिच्याबरोबर बोलोन्यापर्यंत तरी ये. गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस.

माशांचं काय होतं ते इथे कुणालाच सांगता येईना. कोळ्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, ते खाली असतात, वाट बघतात. एवढं तिला कळव.

चेक्काबाईंना माझा नमस्कार सांग. मोज्यांबद्दल मी काय लिहू? त्यांना वाटतं तेवढी मी त्यांच्यावर रागावलेली कधीच नव्हते. त्यांनीही एक मुलगा घालवला आहे, आता नात पाठवताहेत.

आता दोऱ्याचं सांगते. दार लावलं, खालचं टोक टाचेखाली दाबलं आणि दोरा अंगालगत सरळ वर धरला. मला वाटलं कमरेशी संपेल. मी मनात तिला भेटते ना ताई, तेव्हा दर वेळी गुडघ्यांवर बसते, आणि ती पळत येऊन माझ्या गळ्यात पडते. दोरा कमरेवरून गेला. छातीवरून गेला. वरचं टोक माझ्या ओठांशी आलं. म्हणजे ती समोर उभी राहिली की तिच्या भांगावर ओठ टेकायला मला वाकावंही लागणार नाही. वाकून घ्यायची वर्षं गेली ती गेलीच. मी तशीच उभी राहिले, टोक ओठांशी धरून, किती वेळ ते कळलं नाही.

शिंपी सकाळपासून बाहेरच्या दालनात बसला आहे. माप द्या, कापड कापायचं खोळंबलं आहे, म्हणून दोनदा निरोप पाठवला त्यानं. मी त्याला गरम दूध पाठवलं. दोरा अजून दिलेला नाही.

तुझी,
ओर्सिना